सोयाबीनला १८ टक्के हवा (म्हणजे ओलावा), कापूस १४ च्या वर: आधी काय विकायचं, काय थांबवायचं?

ओढाकाठ (पाथरी, जि. परभणी)

सगळ्यांना रामराम. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीतून जे वाचलं ते आता खळ्यावर आहे. सोयाबीन एकूण २२ क्विंटल. त्यातलं माळावरचं १४ क्विंटल दाण्याला चांगलं आहे. ओढ्याकाठचं ८ क्विंटल डागी आहे, काळे दाणे, काहींना कोंब. दोन्ही ढीग वेगळे ठेवलेत. मीटरवर हवा १८ येते. गावात गाडी घेऊन येणारा खरेदीदार सगळं सरसकट ३,६०० नं मागतो. आडतीवर १२ हवेच्या चांगल्या मालाला ४,३०० सांगतात.

कापसाची पहिली वेचणी ९ क्विंटल घरात पडून आहे, ओलावा १४ ते १५. खाजगीत ६,७०० ला मागणी आहे. दुसरी वेचणी सुरू होईल.

हरभरा पेरायचाय, बियाणं-खत-मजुरीला चाळीस-पंचेचाळीस हजार लागतील. सोयाबीन सरसकट देऊन मोकळं व्हावं का? की कापूस आधी काढावा? हिशोब कसा मांडायचा ते सांगा.

माळरान_जिंतूर

ढीग वेगळे ठेवलेत हे उत्तम केलं, आता कोणी कितीही म्हणालं तरी एकत्र करू नका. हिशोब वजनापासून सुरू करा, भावापासून नाही.

१८ हवेचे १०० किलो सोयाबीन १२ वर आणलं की ९३.२ किलो राहतं (८२ भागिले ८८). म्हणजे तुमचे १४ क्विंटल वाळून १३.०५ होतील आणि डागी ८ चे ७.४६.

आज सरसकट दिलं तर २२ × ३,६०० = ७९,२०० रुपये. वाळवून चांगला माल ४,३०० नं गेला तर ५६,१००. उरलेले २३,१०० डागी मालातून यायला हवेत, म्हणजे डागीला क्विंटलमागे साधारण ३,१०० मिळाले तरच बरोबरी. काळ्या-कोंबाच्या मालाला तेवढे मिळतीलच असं धरू नका. म्हणून नुसत्या खुल्या बाजाराकडे पाहिलं तर सरसकटचा भाव वाईट नाही, हे मान्य करायला हवं.

चित्र बदलतं ते हमीभावानं. २०२५-२६ हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ होता. १३.०५ क्विंटल त्या भावानं ६९,५०० होतात. मग डागी माल १,३०० नं गेला तरी तुम्ही सरसकटच्या बरोबरीला आलात, त्यापुढचा प्रत्येक रुपया फायद्याचा. तेव्हा चांगला ढीग नाफेड किंवा एनसीसीएफच्या (हमीभावानं सरकारी खरेदी करणाऱ्या संस्था) खरेदी केंद्रासाठी राखा आणि डागी ढीग मोकळा करा. केंद्रावर हवा १२ च्या आत आणि काडीकचरा २ टक्क्यांच्या आत लागतो, त्यामुळे चाळणी मारूनच न्या. चाळणीत थोडी घट येईल, ती वरच्या आकड्यांत धरलेली नाही.

नोंदणीला सातबारा, आधार, बँक पासबुक लागतं आणि सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद सोयाबीनचीच हवी. ती नसेल तर माल कितीही चांगला असो, काटा होत नाही. ते आज तपासा.

पेंड_आणि_तेल (लातूर)

वरच्या हिशोबाला एक जोड. "थांबलो तर भाव वाढेल का" हा प्रश्न या धाग्यात येणारच आहे, म्हणून आधीच सांगतो.

१०० किलो सोयाबीनमधून तेल साधारण १८ किलो निघतं, पेंड ८० च्या आसपास. म्हणजे भाव ओढतो तो मुख्यतः पेंडीचा दर. आपण मात्र खाद्यतेल महागलं की सोयाबीन वाढणार असं धरून बसतो. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ वापरल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस, तो कोंबडी खाद्यात पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पोल्ट्रीवाले तिकडे वळले की पेंड पडून राहते. निर्यातीत अर्जेंटिना-ब्राझीलच्या पेंडीपुढे आपली महाग पडते. आणि कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क ३० मे २०२५ ला २० वरून १० टक्क्यांवर आलं, त्यामुळे तेलाचा आधारही कमी झाला. त्यात २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीनचे वायदे (पुढच्या महिन्यांच्या भावाचे सौदे) बंद केले गेले. पुढच्या चार महिन्यांचा अंदाज घ्यायला शेतकऱ्याजवळ काहीच उरलं नाही, आणि मला तरी हे फार अन्यायाचं वाटतं.

तेव्हा खुल्या बाजारातल्या तेजीच्या आशेवर माल ठेवू नका. हमीभावासाठी ठेवत असाल तर ठेवा.

अजून एक. तेल काढणाऱ्या प्लँटचा दर बघताना तो १०-२-२ वर असतो हे लक्षात घ्या: हवा १०, काडीकचरा २, डागी २. तुमचा माल १२ हवेचा असेल तर प्लँटच्या दरातून वजनघट आणि गाडीभाडं वजा करून मग आडतीच्या भावाशी ताडून पाहा. नुसते दोन आकडे शेजारी ठेवले की आडत्या लुटतोय असं वाटतं, प्रत्यक्षात बराचसा फरक हवेचा आणि भाड्याचा असतो.

रुई_सरकी (मानवत)

कापसाचं मी सांगतो.

खाजगी ६,७०० वर राग धरू नका, आधी हा हिशोब बघा. एका क्विंटल कापसातून धरून चाला ३४ किलो रुई आणि ६३ किलो सरकी, बाकी घट. खंडी ३५६ किलो रुईची. समजा खंडी ५३,००० आणि सरकी ३,५०० क्विंटल. रुईचे ५,०६० आणि सरकीचे २,२०५, मिळून ७,२६५. यातून जिनिंग (रुई-सरकी वेगळी करणं), प्रेसिंग (गाठी बांधणं), वाहतूक आणि व्यापाऱ्याचं सुटायला हवं. आणि हा हिशोब कोरड्या कापसाचा आहे. तुमचा साडेचौदा ओलाव्याचा क्विंटल ९ वर आला की ९४ किलोच राहतो. म्हणजे ६,७०० म्हणजे कोरड्याचे ७,१३०. खुल्या बाजारात याहून फार जास्त कोणी देणार नाही, कारण बाजारच हमीभावाच्या खाली आहे. कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ माफ होतं. आपली वेचणी नेमकी त्याच काळात येते.

सीसीआयचा (भारतीय कापूस महामंडळ) २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० होता. ग्रेड ठरतो धाग्याची लांबी आणि मायक्रोनेअरवर (धाग्याचा बारीकपणा), त्यामुळे ८,११० च गृहीत धरून घरून निघू नका. ओलावा ८ पर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कपात, १२ च्या वर गाडी परत. तुमचा कापूस आज नेला तर परतच येईल आणि भाडं अंगावर पडेल.

९ वर आणलात तर ९ क्विंटलचे ८.४६ होतील. ७,७१० मधून एक टक्का कापून ६४,५०० च्या वर. खाजगीत आज ६०,३००. लांब धाग्याचा ग्रेड लागला तर फरक अजून वाढतो. कपास किसान ॲपवर नोंदणी करून स्लॉट घ्यावा लागतो, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात. बंद पडलेलं जुनं खातं जोडलेलं असेल तर तिथंच अडकतं.

वाळवताना: ढीग फोडा, ताडपत्रीवर वीतभरापेक्षा कमी थर, दुपारी दोनदा उलथा, ऊन कलायच्या आत गोळा करा. मीटर नसेल तर चार-पाच ठिकाणची सरकी काढून दाताखाली फोडा. कट्‌ आवाज आला तर वाळली, दबली तर अजून ओल आहे. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा, आत ऊब लागली तर त्याच दिवशी फोडा, नाहीतर रुई पिवळी पडते आणि पिवळेपणा पुन्हा जात नाही.

दुसऱ्या वेचणीत पावसात सापडलेली खालची बोंडं येतील. कवडी (नीट न उमललेल्या बोंडाचा कडक कापूस) आणि किडका कापूस वेगळ्या झोळीत. पहिल्या वेचणीत तो मिसळला की अख्ख्या गाडीचा ग्रेड उतरतो. दव उडाल्याशिवाय वेचणीला लावू नका, आणि खताच्या प्लास्टिक गोण्यांत भरू नका. त्यांचे धागे रुईत जातात ते जिनमध्ये निघत नाहीत.

ओढाकाठ (पाथरी, जि. परभणी)

फार उपयोगी. म्हणजे डागी सोयाबीन आधी, मग कापूस सीसीआयला, चांगलं सोयाबीन केंद्राला. पण दोन्हीकडचे पैसे यायला वेळ लागेल आणि हरभरा थांबणार नाही. शिवाय दोन दिवसांपासून आभाळ आहे, १८ हवेचं सोयाबीन वाळवू कसं? डागी माल विकला नाही तर जनावरांना चालेल का?

माळरान_जिंतूर

पैशाचं: शेतमाल तारण योजना बघा. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की बाजारभाव किंवा हमीभाव, जो कमी, त्याच्या ७५ टक्के रक्कम मिळते, १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजानं. तुमचे १३ क्विंटल ४,३०० नं धरले तर ४१,९०० हातात, पूर्ण सहा महिन्यांचं व्याज १,२५० च्या आसपास. पेरणीचं काम भागतं. केंद्राचा निरोप आला की कर्ज फेडून माल सोडवायचा, तेवढी सोय आधी करून ठेवा. पण तिथंही ओला माल घेत नाहीत, म्हणून वाळवणं टळत नाही.

आभाळात घ्यायची काळजी एकच, पोत्यात भरू नका. १८ हवेचं पोतं थप्पीत दोन-तीन दिवसांत तापतं, मग बुरशी आणि कुबट वास, आणि चांगला ढीगही डागीत जमा. पत्र्याखाली किंवा ओसरीत दोन-तीन इंचाचा थर पसरा, दर दोन तासांनी दाताळ्यानं उलथा, पंखा असेल तर थरावरून आडवा वारा जाईल असा लावा. हवा १५ च्या खाली आली का हे बघायला मीठ चालतं: कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा दाणे, दोन चमचे कोरडं मीठ, चांगलं हलवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर १५ च्या वर. न चिकटता तळाशी सुटं राहिलं तर उरलेलं एका कडक उन्हात होऊन जाईल. पोती भरल्यावर लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब.

दुभती_शेळगाव

बुरशी चढलेलं काळं सोयाबीन दुभत्या जनावराला अजिबात घालू नका, त्यातलं विष दुधात उतरतं. चांगलं सोयाबीनसुद्धा कच्चं घालताना युरिया प्रक्रिया केलेल्या चाऱ्यासोबत चालत नाही. सोयाबीनमधल्या युरिएजमुळे युरियाचा अमोनिया झपाट्यानं होतो आणि जनावर दगावू शकतं. कमी भावानं का होईना, डागी माल विका.

बी_राखण

पुढच्या खरिपासाठी माळावरच्या ढिगातून बियाणं राखणार असाल तर ते आत्ताच बाजूला काढा, सावलीत वाळवा आणि पोती आदळू नका, सोयाबीनचं साल पातळ असतं. पावसात भिजलेल्या शेंगेतल्या दाण्याची उगवण बाहेरून कळत नाही. ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या दहा ओळी लावा, सातव्या दिवशी मोजा. ७० च्या वर कोंब निघाले तर एकरी ३० किलोनं चालेल. बरेच कमी निघाले तर तो ढीग पूर्ण केंद्रावर जाऊ द्या आणि बियाण्याची सोय मार्चच्या आधी दुसरीकडे बघा.