मदत हवी आहे: एअर-कूल्ड १६०० इंजिनाची मूळ क्रँककेस लाइन बोअर करून वाचवता येईल का?

माझ्याकडील जुन्या फोक्सवॅगन बीटलचे इंजिन मी घरीच उघडले असून ते पुन्हा बांधण्यापूर्वी क्रँककेसबद्दल (क्रँकशाफ्टला धरून ठेवणारे, दोन भागांचे धातूचे कवच; पुढे नुसते 'केस') निर्णय घ्यायचा आहे. ज्यांनी अशी इंजिने स्वतः बांधली आहेत त्यांचे मार्गदर्शन हवे आहे. इंजिन क्रमांकाची सुरुवात 'एडी' या अक्षरांनी होते, म्हणजे १९७१ च्या मॉडेलपासून आलेले, प्रत्येक हेडला दोन इनटेक पोर्ट असणारे १५८४ सीसीचे इंजिन (बोअर ८५.५ मिमी, स्ट्रोक ६९ मिमी). जनरेटरच्या स्टँडखाली केसवर कोरलेला क्रमांक आणि गाडीच्या कागदपत्रांतील क्रमांक एकच असल्यामुळे ही केस बदलण्याची माझी मुळीच इच्छा नाही. मात्र केवळ क्रमांकासाठी कमकुवत केसवर नवे पिस्टन आणि बेअरिंग चढवणेही मला पटत नाही.

इंजिन उतरवण्यामागे दोन तक्रारी होत्या. गरम झाल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकत असे आणि क्लच दाबल्यावर क्रँकची पुली पुढेमागे सरकलेली नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. डायल गेज लावून पाहिले तेव्हा क्रँकचा एंड प्ले (पुढेमागे सरकण्याची मोकळीक) ०.३५ मिमी भरला. तो ०.०७ ते ०.१३ मिमी असायला हवा आणि झीज धरूनही ०.१५ च्या वर जाता कामा नये.

केसचे दोन भाग वेगळे केल्यावर क्रँकशाफ्ट चांगला निघाला. १, २ आणि ३ क्रमांकांचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मूळ ५५ मिमीच्या आणि पुलीकडचे ४ क्रमांकाचे जर्नल ४० मिमीच्या मापात बसते. जर्नल लंबगोल झालेले नाहीत आणि त्यांवर नखाला लागेल असा ओरखडा नाही. खरी अडचण केसमध्येच आहे. मधल्या, म्हणजे २ क्रमांकाच्या बेअरिंगच्या बैठकीत शेलच्या (बेअरिंगच्या पातळ कवचाच्या) कडेने एक बारीक पायरी पडली आहे. तिच्यावरून नख फिरवले की ते स्पष्ट अडकते. त्याच भिंतीवर, स्टडच्या भोवती, जिथे केसचे दोन भाग एकमेकांना टेकतात तिथे करडे, चकचकीत डाग आहेत. फ्लायव्हीलकडच्या १ क्रमांकाच्या बेअरिंगच्या बैठकीत डॉवेल पिनचे (बेअरिंगला जागेवर धरणाऱ्या खुंटीचे) भोक किंचित लांबट झालेले दिसते.

त्यानंतर रिकामी केस जोडून, सर्व नट योग्य टॉर्कला आवळून, बोअर गेजने बैठकी मोजल्या. १ ते ३ क्रमांकांसाठी मूळ माप ६५.०० ते ६५.०२ मिमी आहे. १ क्रमांकाला ६५.०३ आणि ३ क्रमांकाला ६५.०४ मिमी आले. २ क्रमांकाला केसच्या जोडरेषेच्या दिशेने ६५.०२, पण जोडरेषेला काटकोनात, म्हणजे सिलिंडरच्या दिशेने, ६५.०७ मिमी आले. ४ क्रमांक मापात आहे.

एका अनुभवी मेकॅनिकने असे सुचवले की बैठकीत पंचाने जवळजवळ ठिपके मारावेत, म्हणजे धातू उठून नवे बेअरिंग घट्ट बसेल आणि लाइन बोअरिंगचे (सर्व बैठकी एका रेषेत किंचित मोठ्या कापण्याचे) काम टळेल. हा उपाय टिकतो का? टिकत नसेल, तर माझ्या मापांवरून ही केस लाइन बोअर करण्याच्या योग्यतेची आहे का, आणि मशीन शॉपमध्ये देण्यापूर्वी मी घरी आणखी काय तपासावे? हेडच्या दोन स्टडचे आटे केसमधून ओढले गेले आहेत. ते कामही याच वेळी करून घ्यावे असा विचार आहे.

प्रतिसाद

पंचाने ठिपके मारण्याचा उपाय कृपया करू नये. तसे केल्यावर बेअरिंग बैठकीवर पूर्ण टेकत नाही, उठलेल्या टोकांवरच टेकते. या केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या आहेत आणि हा धातू मऊ आहे. गरम इंजिनात क्रँकचे ठोके बसू लागले की ती टोके लवकरच चपटी होतात आणि बेअरिंग पुन्हा सैल होते. शिवाय बेअरिंगची उष्णता केसमध्ये जाण्याचा मार्गही तेवढ्याने अरुंद होतो.

आपल्या तक्रारींचे मूळ याच बैठकीत असण्याचा संभव मोठा आहे. ऑइल केसमधील वाहिनीतून शेलच्या पाठीमागच्या भोकात आणि तेथून जर्नलवर जाते. शेल बैठकीत सैल असेल, तर ऑइल जर्नलपर्यंत पोहोचण्याआधीच शेलच्या पाठीमागून निसटते. अशा वेळी ऑइल पंप कितीही चांगला असला तरी गरम, पातळ झालेल्या ऑइलचा दाब आयडलला टिकत नाही. मधल्याच बैठकीची झीज सर्वांत जास्त का, हेही समजून घेण्यासारखे आहे. कारखान्यातून आलेल्या या क्रँकला काउंटरवेट (तोल साधणारी वजने) नसतात, त्यामुळे वेग वाढला की तो मध्यभागी वाकू पाहतो आणि मधली भिंत सिलिंडरच्या दिशेने ठोकली जाते. आपल्या मापांत जोडरेषेला काटकोनात ६५.०७ आणि जोडरेषेच्या दिशेने ६५.०२ आले, ते यामुळेच.

ही मापे एक चांगली गोष्टही सांगतात. केस आजवर एकदाही बोअर झालेली नाही, म्हणजे हा पहिलाच कट असेल. बाहेरून ०.५० मिमी मोठी आणि आतून स्टँडर्ड अशी बेअरिंग मिळतात, आणि आपला क्रँक मापात असल्यामुळे आपल्याला नेमकी तीच लागतील. तरीही लाइन बोअरिंगवर खर्च करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात, कारण त्यांपैकी एक जरी वाईट निघाली तर केस सोडून द्यावी लागेल.

पहिली गोष्ट तडा. ३ क्रमांकाच्या सिलिंडरच्या मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला, या केसला तडा जाण्याची जागा ठरलेली आहे. ती जागा रॉकेलने धुऊन, पूर्ण कोरडी करून, डाय पेनिट्रंटने (बारीक तडे रंगाने दाखवणाऱ्या द्रवाने) तपासावी. नुसत्या नजरेवर विसंबू नये. दुसरी गोष्ट म्हणजे ते करडे डाग. मधल्या भिंती एकमेकींवर घासून झिजल्या असतील, तर स्टड आवळूनही त्या बेअरिंगला दाबून धरत नाहीत आणि नवा बोअरही काही काळाने सैल पडतो. रिकामी केस जोडून, आवळून, मधल्या भिंतीच्या सांध्यावर एका बाजूने दिवा धरावा. उजेड आरपार आला किंवा ०.०५ मिमीचे फीलर पाते आत शिरले, तर मी त्या केसवर काम करणार नाही.

दोन्ही कसोट्यांवर केस उतरली, तर मशीन शॉपला तीन कामे एकत्र सांगावीत: बैठकींचा लाइन बोअर, १ क्रमांकाच्या बैठकीच्या दोन्ही तोंडांचा थ्रस्ट कट (झिजलेल्या तोंडांना सपाट कापणे) आणि हेडच्या सर्व स्टडना स्टीलचे थ्रेड इन्सर्ट. फक्त गेलेल्या दोन स्टडपुरते इन्सर्ट बसवू नयेत. उरलेलेही त्याच वयाचे आहेत. थ्रस्ट कट लागेल की नाही हे घरीच कळते. १ क्रमांकाचे नवे बेअरिंग डॉवेलवर बसवून केसमध्ये पुढेमागे हलवून पाहावे. ते हलत असेल, तर बैठकीची तोंडे झिजलेली आहेत. मग फ्लायव्हीलचे शिम (एंड प्ले जुळवणाऱ्या पातळ चकत्या) कितीही बदलले तरी एंड प्ले पुन्हा वाढेल, म्हणून थ्रस्ट कट घेऊन रुंद कॉलरचे बेअरिंग घालावे लागते.

काम होऊन केस घरी आली की ऑइल वाहिन्यांची सर्व बुचे काढून आतून ब्रशने स्वच्छ करणे अत्यावश्यक आहे. बोअरिंगचा चुरा या वाहिन्यांत अडकतो आणि पहिल्या स्टार्टला थेट नव्या बेअरिंगमध्ये जातो. सफाई करताना मॅग्नेशियमचा भुसा पडलेला असेल तर जपावे. तो चटकन पेट घेतो आणि पाणी टाकल्यास आग अधिकच भडकते. जवळ कोरडी वाळू ठेवावी.

प्रतिसाद

वरील माहितीशी मी सहमत आहे. फक्त एक भर घालतो: केस इतकी का झिजली, याचे कारण सापडल्याशिवाय इंजिन पुन्हा बांधू नये. या इंजिनाला पाणी नाही, रेडिएटर नाही. पंख्याची हवा आणि ऑइल, एवढ्यांवरच ते थंड राहते, आणि मॅग्नेशियमची केस तापली की तिची ताकद कमी होते.

जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या घरातच, ३ आणि ४ क्रमांकांच्या सिलिंडरच्या वाटेत उभा असे, म्हणून ३ क्रमांकाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आधी जळत असे. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर मागे वेगळ्या खोक्यात गेला आणि त्याची गरम हवा बाहेर नेण्यासाठी स्वतंत्र पत्रा आला. आपल्या इंजिनावर हा पत्रा आणि कूलरभोवतीची फोमची पट्टी आहे का, हे पाहावे. अनेक गाड्यांत मधल्या दुरुस्त्यांमध्ये हे दोन्ही भाग हरवलेले असतात, आणि मग गरम हवा पुन्हा पंख्याकडे ओढली जाते. इंजिनाच्या कप्प्याच्या कडेने बसणारे रबर, स्पार्क प्लगच्या वायरींची रबरी बुचे आणि सिलिंडरखालचे पत्रेही तपासावेत. थर्मोस्टॅटचा बेलो ६५ ते ७० अंशांना उघडून पंख्याच्या घरातील झडपा पूर्ण फिरवतो का, हे गरम पाण्यात आणि मग हाताने झडपा फिरवून पाहता येते.

इग्निशन टायमिंगही याच यादीत येते. जास्तीत जास्त वेगाला ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते माप) ३२ अंशांच्या पुढे जात असेल, तर हेड तापतात आणि क्रँकवर ठोका वाढतो.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली. ३ क्रमांकाच्या मागे डाय पेनिट्रंटने तडा दिसला नाही. मधल्या भिंतीच्या सांध्यातून उजेड येत नाही आणि ०.०५ चे पाते कुठेही शिरत नाही, म्हणजे डाग वरवरचे आहेत. १ क्रमांकाचे नवे बेअरिंग मात्र बैठकीत पुढेमागे हलते, त्यामुळे थ्रस्ट कट घ्यावाच लागेल. कूलरच्या मागचा पत्रा आहे, पण फोमची पट्टी पूर्ण गळून गेलेली आहे, आणि कप्प्याच्या रबराचा मागचा भाग नाही. उष्णतेचे कारण निदान काही अंशी तरी सापडले असे मला वाटते.

दोन प्रश्न उरले आहेत. लाइन बोअरनंतर क्रँक आणि कॅमशाफ्टमधील अंतर बदलले तर गिअर घट्ट किंवा सैल बसतील का, आणि ते कसे ओळखावे? दुसरा प्रश्न शिमचा आहे. एंड प्ले मोजताना दोन शिम घालायचे की तीन, याबद्दल मला वेगवेगळे सल्ले मिळाले आहेत.

प्रतिसाद

शिम नेहमी तीनच असतात. दोन किंवा चार घालून इंजिन चालवायचे नसते. मोजताना मात्र दोन घालायचे. मागचे ऑइल सील न बसवता, दोन शिम घालून, फ्लायव्हील पूर्ण टॉर्कला आवळावे आणि डायल गेजने प्ले मोजावा. आलेल्या मापातून ०.१० मिमी वजा केले की तिसऱ्या शिमची जाडी मिळते. उदाहरणार्थ, ०.४२ आले तर तिसरा शिम ०.३२ चा. शिमवर जाडी कोरलेली असली तरी ती मायक्रोमीटरने पडताळून पाहावी. फ्लायव्हीलच्या गॅस्केट किंवा ओ-रिंगपैकी जे आपल्या फ्लायव्हीलला लागते, ते मोजतानाही जागेवर असले पाहिजे. तिन्ही शिम घालून प्ले पुन्हा मोजावा, आणि तो ठीक आला तरच सील बसवावे. फ्लायव्हीलचा मधला ग्लँड नट ३६ मिमीचा असतो आणि त्याला ३४० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क लागतो. तेवढा लांब दांडा आणि फ्लायव्हील अडवण्याची पक्की सोय आधीच करून ठेवावी.

गिअरबद्दल आपली शंका योग्य आहे. चांगले मशीन शॉप बोअरचा मध्य हलवत नाही, त्यामुळे फरक पडू नये, पण खात्री करावीच. कॅमच्या गिअरच्या मागे ०, +१, −१ अशा खुणा कोरलेल्या असतात. त्या गिअरच्या मापातील फरक शतांश मिलिमीटरमध्ये दाखवतात. क्रँक आणि कॅम केसच्या एका भागात ठेवून, कॅमच्या गिअरवरील ठिपका क्रँकच्या गिअरवरील दोन ठिपक्यांच्या मधोमध आणावा. मग क्रँक सावकाश उलट्या दिशेने पूर्ण फेरा फिरवावा. कॅम बेअरिंगमधून जरासाही वर उचलला गेला, तर गिअर घट्ट आहे आणि एक खूण लहान गिअर लागेल. बॅकलॅश (गिअरच्या दात्यांमधील मोकळीक) ०.०५ मिमीपर्यंत चालतो; त्याहून जास्त खडखड असेल तर एक खूण मोठा गिअर घ्यावा.

केस बंद करताना सांध्याला गॅस्केट नसते, सीलंटचा अगदी पातळ थर लावावा. सहा मोठ्या स्टडपैकी १ क्रमांकाच्या बेअरिंगच्या खालच्या स्टडशेजारचा छोटा ८ मिमीचा नट सर्वांत आधी २० न्यूटन-मीटरला आवळावा, मग मोठे १२ मिमीचे नट ३४ न्यूटन-मीटरपर्यंत टप्प्याटप्प्याने, आणि उरलेले छोटे नट शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर क्रँक हाताने फिरवून पाहावा. एखाद्या टप्प्याला तो अडला, तर तिथेच थांबून केस पुन्हा उघडावी. बहुतेक वेळा एखादे बेअरिंग डॉवेलवर नीट न बसता त्याच्या टोकावर चढलेले असते, आणि तसेच आवळत गेल्यास नवी बैठक पहिल्याच दिवशी खराब होते.