डिस्नेची मॅरेथॉन: पळणाऱ्यानं भरायचे ते भरायचेच, बघणाऱ्यानंही?

विजापूररोडवाला
पुतणी डॅलसला असते. जानेवारीत फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डची फुल मॅरेथॉन पळणार आहे, 42.195 किमी. दादा-वहिनी तिला बघायला निघालेत. ऐन गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात! ते असू दे. आता कळलं की तिथं बघणाऱ्यांसाठीसुद्धा पॅकेज विकतात, ‘चिअर स्क्वॉड’ म्हणून. स्वस्तातल्या पॅकेजात हातात वाजवायला काहीबाही सामान देतात, वरच्यात फिनिशजवळ राखीव जागा, आणि सगळ्यात वरच्यात तंबू, खाणंपिणं, वेगळं टॉयलेट. त्याचे माणशी रुपये केले तर आकडा पाच आकडी होतो. दादा मला विचारतोय, घेऊ का?
माझं मत: अजिबात नको. पोरगी डोळ्यांसमोरून जाणार किती वेळ, पंधरा सेकंद? आपल्याकडे गड्ड्यात सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याभोवती पाय ठेवायला जागा नसते. तिथं कुणी बघण्याची पावती फाडतं का? बोला.

कडकभाकरी
शंभर टक्के बरोबर बोललात काका. कौतुकाचेसुद्धा पैसे! उद्या पोरीला मिठी मारायचा वेगळा दर लावतील.

सातरस्ता_रनर
काका, गड्ड्याशी तुलना नका करू. तिथं तुम्ही घरून जेवून जाता, पाय दुखले तर रिक्षा करून परत येता. इथला हिशोब ऐका. रेस सुटते पहाटे 5 ला. रस्ते बंद होतात म्हणून पळणारे त्याच्या दीड-दोन तास आधीच पोचलेले असतात, आणि त्यांच्यासोबत आलेले लोकही. सगळे एकदम सुटत नाहीत, गटागटानं सोडतात. पुढं मैलाला जास्तीत जास्त 16 मिनिटं, म्हणजे किमीला साधारण 10 मिनिटं लावायची सवलत असते. पहिल्यांदा फुल पळणारी पोरगी असेल तर सहा-सात तास धरा. म्हणजे दादा-वहिनी पहाटे 3 पासून दुपारपर्यंत उघड्यावर. ओरलँडोत, जिथं हे डिस्ने वर्ल्ड आहे, जानेवारीच्या पहाटे चांगलीच थंडी पडू शकते. वय काय त्यांचं?

विजापूररोडवाला
दादा 67. वहिनींचे गुडघे गेलेत.

सातरस्ता_रनर
मग विषय संपला. पंधरा सेकंदांचे पैसे नाहीत ते. खुर्चीचे आणि टॉयलेटचे आहेत.

पार्कचौक
विषय कसा संपला? पहाटे 3 ला जायला कुणी सांगितलंय? पोरगी 11-12 ला फिनिशला येणार असेल तर हॉटेलवर निवांत झोपा, पोहे नाही तर पाव खा आणि 10 ला पोचा. फिनिशला फुकट उभं राहायची जागा असते, मी स्वतः उभा राहिलोय. मधे बघायचं असेल तर ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर म्हणून मोठा बस आणि मोनोरेलचा अड्डा आहे, तिथूनही पळणारे दिसतात. फक्त रस्ते बंद असतात म्हणून आपली गाडी घेऊन निघू नका.

जुळेसोलापूरची_सून
पार्कचौक, तुम्ही उभे राहिलात, तुमच्या आई उभ्या राहिल्या का? मी सासूबाईंना घेऊन अशाच एका फिनिशला गेले होते (डिस्नेची नव्हे, दुसरी). पुढं तीन रांगा. सासूबाई पाच फुटांच्या आतल्या. त्यांना दिसले फक्त लोकांचे वर केलेले मोबाइल. नवरा कधी गेला ते आम्हाला त्याचा मेडलसकट फोटो आला तेव्हा कळलं. बायकांना तर सहा तास बाहेर म्हटलं की पहिला विचार पाण्याची बाटली उघडावी की नको हाच असतो. घ्या पॅकेज, वहिनींसाठी घ्या.

कडकभाकरी
अहो पण फोनवर ट्रॅकिंग असतं ना? पोरगी कुठं पोचली ते कळतं. मग नेमक्या वेळेला पुढं सरकायचं.

सातरस्ता_रनर
ट्रॅकिंग म्हणजे बिबला (छातीवरच्या नंबराच्या कागदाला) चिप असते, ती रस्त्यावरच्या मॅटवरून गेली की वेळ नोंदते. दोन मॅटच्या मधे पोरगी कुठं आहे ते कुणालाच माहीत नाही, ॲप नुसता अंदाज बांधतं. आणि डिस्नेत हा अंदाज हमखास कोसळतो, कारण रस्ता डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांतून जातो आणि जागोजागी मिकी, गूफी वगैरे मंडळी फोटोसाठी उभी असतात. पळणारे चक्क रांग लावतात! त्यातल्या ॲनिमल किंगडम पार्कात काही जण मधेच एक्सपिडिशन एव्हरेस्टच्या रोलरकोस्टरवर बसून येतात आणि परत पळायला लागतात. खोटं वाटेल, पण तिथली ती प्रथाच झालीय. तुमची पुतणी त्यातली असेल तर 11 म्हणता म्हणता 12 वाजतील.

पार्कचौक
म्हणजे तुमचाच मुद्दा माझ्या बाजूनं गेला. वेळेचा भरवसा नाही, मग राखीव खुर्चीत बसून तरी काय, वाटच बघायची ना. आणखी एक. 2017 ला याच वीकेंडची हाफ मॅरेथॉन विजांच्या भीतीनं रद्द झाली होती. पैसे भरायच्या आधी परताव्याचा नियम नीट वाचा.
आणि माझा खरा आक्षेप दुसराच आहे. मुंबई मॅरेथॉनला पेडर रोडवर लोक घरातून संत्री, बिस्किटं घेऊन खाली उतरतात. अनोळखी माणसाला नावानं हाक मारतात, बिबवर वाचून. ती मजा तंबूत बसून येत नाही. एकदा फिनिशची चांगली जागा विकायला काढली की बाकीचे हळूहळू मागं ढकलले जातात.

जुळेसोलापूरची_सून
पेडर रोडवाल्यांचं टॉयलेट त्यांच्या घरात असतं हो. न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनलाही फिनिशच्या स्टँडची तिकिटं विकतातच, म्हणून रस्त्यावरची गर्दी कुठं कमी झाली? ज्याला जमतं त्यानं उभं राहावं. गुडघे गेलेल्या बाईनं तुमच्या तत्त्वासाठी का उभं राहायचं?

कडकभाकरी
तत्त्व नाही ताई, पैसे. पाच आकड्यांत माझ्या दुकानातल्या पोराचा महिन्याचा पगार निघतो.

जुळेसोलापूरची_सून
तिकीट, व्हिसा, हॉटेल यांत किती पगार गेले ते मोजलेत का? सगळी हौस झाल्यावर खुर्चीपाशी येऊनच काटकसर का आठवते?

होटगीकर
मधला मार्ग आहे. सगळ्यात वरचं नको. फक्त राखीव जागेचं बघा, आणि त्यात बसायला मिळतं की नुसतं उभं राहायचं कुंपण आहे हे नीट वाचून घ्या. तपशील दर वर्षी बदलतात. आणि पोरीलाच विचारा, तिला आई-बाबा कुठं दिसायला हवेत. माझ्या अनुभवानं फिनिशला माणूस इतका दमलेला असतो की समोर कोण आहे ते कळतच नाही. 30-32 किमीच्या आसपास जीव रडकुंडीला येतो, तिथं ओळखीचा चेहरा दिसला तर फरक पडतो. त्या जागेचं पॅकेज कुणी विकत नाही.

पार्कचौक
हे सगळ्यात शहाणपणाचं.

सातरस्ता_रनर
शहाणपणाचं आहे, पण 30 किमीला गुडघे गेलेल्या वहिनींना कसं पोचवायचं ते सांगा.

विजापूररोडवाला
घरी तुमचं सगळं वाचून दाखवलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, माझ्यापुरतं घ्या. वरचंच, टॉयलेटवालं. दादाला पैसे द्यायचे नाहीत, तो फुकटच्या गर्दीत उभा राहणार. पोरीला विचारलं तर ती म्हणते, बाबा फिनिशला नकोत, आधीच कुठंतरी उभे राहा, नाहीतर ‘चल, चल, पाय उचल’ म्हणून सगळ्या अमेरिकेला ऐकू जाईल असं ओरडतील.

कडकभाकरी
दादांना सोबत शेंगाचटणी द्या. सहा तास निघतील.

जुळेसोलापूरची_सून
आणि दोघांच्या फोनला तिथलं सिम घ्या. एकमेकांना शोधायला अजून तरी पॅकेज निघालेलं नाही.