ओगेम (ऑनलाइन अंतराळयुद्धाचा गेम): चंद्र नसताना रात्रभर फ्लीट (जहाजांचा ताफा) कुठे ठेवायची?

कोरा_कप्तान
एकपट स्पीडचं युनिव्हर्स. ग्रह दोनच, २:११४:८ आणि २:१३१:७ (गॅलॅक्सी:सिस्टिम:ग्रहाची जागा). ४० लार्ज कार्गो, २५ क्रूझर, ६ रिसायक्लर (भंगार उचलणारी जहाजं), कम्बशन ड्राइव्ह (इंजिनाचं संशोधन) लेव्हल ६. झोपेत कोणी हल्ला करून फ्लीट उडवू नये म्हणून रात्री १० टक्के वेगाने दुसऱ्या ग्रहावर डिप्लॉय करतो (मुक्कामाला पाठवतो), तरी साडेतीन तासांत पोचते. झोप आठ तासांची. त्यात २:११६ मध्ये एकाला चंद्र मिळालाय. डिफेन्स वाढवून भागेल का?

भंगारवाला
नाही भागणार. डिफेन्स माल राखतो, फ्लीट नाही. पडलेल्या तोफा ७० टक्के शक्यतेने परत उभ्या राहतात, जहाजं राहत नाहीत. तुझ्या ताफ्याचा हिशेब शिकारी कसा करतो बघ: एका क्रूझरला २७ हजार मेटल-क्रिस्टल, लार्ज कार्गोला १२ हजार, रिसायक्लरला १६ हजार. फुटल्यावर त्याचे ३० टक्के डेब्रिज (उचलता येणारं भंगार), म्हणजे ३,७५,३००. प्रत्येकी वीस हजार माल मावणारे १९ रिसायक्लर आणले की सगळं उचललं, वर ग्रहावरचा अर्धा माल. एवढ्यासाठी तो थोड्या तोफा सहज फोडेल.

फॅलॅन्क्स_फोबिया
आधी त्या चंद्रावर प्रोब (हेर यान) टाक आणि फॅलॅन्क्सची (चंद्रावरून इतरांच्या फ्लीटच्या हालचाली स्कॅन करायचं यंत्र) लेव्हल बघ. रेंज म्हणजे लेव्हलचा वर्ग वजा एक, तितक्या सिस्टिम. लेव्हल १ ला फक्त स्वतःची सिस्टिम, २ ला तीन, ४ ला पंधरा. म्हणजे लेव्हल २ झाली की तुझा ११४ त्याच्या टप्प्यात, ४ झाली की १३१ सुद्धा.

त्याला काय दिसतं हे नीट समजून घे. हल्ला, ट्रान्सपोर्ट, हार्वेस्ट (भंगार उचलणं) यांची परतीची वेळ सेकंदापर्यंत दिसते, मग तो फ्लीट उतरल्यावर दोन सेकंदांनी येऊन आदळतो. डिप्लॉयची उतरायची वेळही दिसते. पण डिप्लॉय रिकॉल केलं (वाटेतून परत बोलावलं) की परतीचा प्रवास स्कॅनमध्ये येतच नाही. म्हणून डिप्लॉयच, आणि उतरण्याआधी पंधरा मिनिटं तू ऑनलाइन हवास. हल्ल्याची सूचना दिसली की रिकॉल. जितका वेळ गेली तितकाच वेळ परत येईल. तो सतत स्कॅन करत बसला असेल तर फ्लीट कधी गायब झाली त्यावरून वेळ काढू शकतो, पण दर स्कॅनला ५,००० ड्यूटेरियम (गेममधलं इंधन) जातं.

मंदगती
तुझा खरा घोळ अंतराचा आहे. ॲस्ट्रोफिजिक्स (जास्त ग्रह घेऊ देणारं संशोधन) लेव्हल ३ कर आणि तिसरा ग्रह गॅलॅक्सी ३ मध्ये घे. तिथे १० टक्क्यांनी डिप्लॉय केलं तर ७ तास ४१ मिनिटं. यात रिसायक्लर हवाच, कारण अख्खी फ्लीट सगळ्यात मंद जहाजाच्या चालीने जाते. तो काढलास तर कार्गोच्या वेगाने ३ तास ५८ मिनिटांतच पोचशील. बरेच जण रिसायक्लर भंगार गोळा करायला घरी ठेवतात आणि इथेच फसतात.

तोपर्यंत, आणि फॅलॅन्क्स टप्प्यात नसेल तरच, २९ सिस्टिम लांबच्या इनॅक्टिव्हवर (खेळणं थांबवलेल्या खेळाडूवर) हल्ला लाव. जाऊन-येऊन आठ तास. आधी प्रोब टाक, कारण इनॅक्टिव्ह असला तरी तोफा चालूच असतात.

कोरा_कप्तान
माल पण सोबत न्यायचा ना? क्रम काय?

भंगारवाला
हो, ४० कार्गोत दहा लाख बसतात. आधी ड्यूटेरियम, मग क्रिस्टल, उरलेल्या जागेत मेटल. प्रवासाचं इंधन ग्रहावरच्या ड्यूटेरियममधूनच जातं. सगळं कार्गोत कोंबलंस तर फ्लीट निघणारच नाही.

मंदगती
आणखी एक, भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्यांसाठी. आपले रात्री ११ म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. आपण झोपतो तेव्हा तिथे जेवण उरकून लोक शिकारीला बसतात. आपले सकाळी सात वाजेपर्यंत तिकडे पहाटेचे साडेतीन किंवा अडीच, तेव्हा शुकशुकाट असतो. म्हणून दुपारची डुलकी एकवेळ फ्लीटसेव्हशिवाय (फ्लीट अशी प्रवासात ठेवून वाचवल्याशिवाय) खपेल, रात्रीची नाही. आणि गेममध्ये दिसणारं घड्याळ सर्व्हरचं असतं, उतरायची वेळ लावताना तेवढं जमेस धर.