‘होम फ्रंट’ : घरची आघाडी, की पिछाडी?

मूळ प्रश्न (न्यू जर्सीहून)

मंडळी, आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकेवर लेख लिहिते आहे आणि शीर्षकापाशीच अडले आहे. रणांगणापासून दूर, घरी राहून युद्धाला हातभार लावणाऱ्यांच्या जगाला इंग्रजीत ‘होम फ्रंट’ म्हटलं की काम भागतं. मराठीत काय म्हणायचं?

निमित्त सांगते. शेजारी नव्वदी ओलांडलेल्या एक आजी राहतात. गेल्या महिन्यात त्यांनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा माझ्या पुढ्यात ठेवला. आत अर्धवट संपलेलं रेशनचं पुस्तक, शर्टाच्या बटणाएवढ्या लाल चकत्या, तळहातात मावतील अशी फोटोच्या कागदावर छापलेली पत्रं आणि घडी घातलेलं एक लहानसं निशाण. लाल किनार, मधे पांढरं, त्यावर दोन तारे. एक निळा, दुसरा सोनेरी. सोनेरी ताऱ्याकडे नीट पाहिलं की त्याच्या कडेनं बारीक निळी रेघ दिसते, कारण तो निळ्यावरच शिवलेला असतो. घरातला एकजण सैन्यात गेला की खिडकीत एक निळा तारा, आणि तो गेल्याची तार आली की त्याच्यावर सोनेरी. आजींचे दोन भाऊ गेले होते, एकच परतला. दुसरा तारा त्यांच्या आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतः शिवला.

या डब्यातल्या वस्तूंना मराठी शब्द शोधता शोधता मी पुरती गुंतले. ‘गृहआघाडी’ म्हटलं तर गृहखातं आणि गृहकर्ज आठवतं. ‘देशांतर्गत आघाडी’ हा वर्तमानपत्री शब्द, आणि शिवाय आघाडी म्हटलं की आपल्याला आधी सरकार दिसतं. ‘पिछाडी’ मला पटत नाही. ज्या आईनं तो तारा शिवला ती पिछाडीला होती असं लिहायला हात धजत नाही.

आणखी दोन शब्द हवेत. ‘गोल्ड स्टार मदर’साठी वीरमाता चालेल का? आणि जपानी वंशाच्या अमेरिकनांना ज्या ‘इंटर्नमेंट’ छावण्यांत ठेवलं, त्यांना काय म्हणू?

प्रतिसाद (नाशिक रोड)

ताई, नमस्कार. तोफखान्यात २८ वर्षं काढली, म्हणून पिछाडीची बाजू मांडतो. क्रिकेटच्या धावफलकामुळे या शब्दाला कमीपणा आला आहे. सैन्यात तसं नाही. रसद, दारूगोळा, टपाल, दवाखाना हे सगळं पिछाडीचं. ती तुटली तर पुढचा माणूस दोन दिवस टिकत नाही.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. आपल्या जुन्या लष्करी भाषेत पुढे चालणारी बिनीची फौज आहे, मागून येणारं चंदावल आहे, आणि लढत नसलेल्या माणसांना एक शब्द आहे, बुणगे. पानिपतच्या बाबतीत तो शब्द आपण किती तिरस्कारानं वापरतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पण हे सगळे शब्द लष्कराच्या तळाबरोबर चालणाऱ्यांचे. शेकडो कोस दूर, घरी राहून लढाईत असलेल्यांना आपल्याकडे शब्द नाही, कारण तशी लढाई आपण त्या काळी पाहिलीच नव्हती. तेव्हा तुम्हाला नवा शब्द घडवावा लागणार हे खरं.

जाता जाता आमच्या गावाची गोष्ट. पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजलेली अमेरिकन पलटण ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबई बंदरात उतरली आणि तिथून आधी आमच्या देवळालीला आली. मग मध्य भारतात देवगडला सराव आणि पुढे ब्रह्मदेशाचं जंगल. इंग्रज सोल्जरांनी त्याच्या कितीतरी आधीपासून देवळालीच्या कॅम्पात जहाजाची वाट पाहत डोकं फिरवून घेतलं होतं. ‘डूलॅली’ हा त्यांचा वेड लागण्याचा शब्द आमच्या देवळालीवरूनच गेला. नावाची अशी बदनामी झाली याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

प्रतिसाद (दादर)

‘मोर्चा’चा विचार केलात का? मूळ अर्थानं फ्रंटच्या अगदी जवळचा. बखरींत किल्ल्याला मोर्चे लावतात, आणि मोर्चेबांधणी हा शब्द आजही त्याच अर्थाचा आहे. पण ‘घरचा मोर्चा’ म्हटलं की मुंबईकराला १९७०च्या दशकातला लाटणं मोर्चाच दिसणार, त्यामुळे मीच तो मागे घेतो.

माझी खरी शंका वेगळी आहे. लंडनवर बाँब पडले, तिथं घर आणि आघाडी एकच झाली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर काय पडलं? साखर कमी मिळाली आणि पेट्रोलच्या रेशनसाठी गाडीवर स्टिकर लागले. याला ‘आघाडी’ म्हणणं त्यांच्या सरकारी प्रचाराचा शब्द जसाच्या तसा उचलणं नाही का?

आणि रेशन हा शब्द तसाच ठेवा. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आलं तेव्हापासून तो आपल्या घरातला झाला आहे. शिधापत्रिका फक्त अर्जावर.

मूळ लेखिका

दादरच्या दादा, शंका योग्य आहे. मीही आठवडाभर त्याच प्रश्नावर होते.

प्रचाराचा शब्द होता हे खरंच. ‘होम फ्रंट प्लेज’ नावाची शपथ किंमत नियंत्रण कार्यालयानं बायकांकडून घेतली होती. कायद्यानं ठरलेल्या भावापेक्षा जास्त देणार नाही, रेशनचा जिन्नस कुपनाशिवाय घेणार नाही. म्हणजे दुकानाच्या गल्ल्यापाशी उभी असलेली बाई ही त्यांची शिपाई. पण तेवढ्यावर तो शब्द खोटा ठरत नाही. ५ मे १९४५ ला ऑरेगनमधल्या ब्लाय गावाजवळ सहलीला गेलेली पाच मुलं आणि एक गरोदर बाई जपानहून फुग्याला बांधून सोडलेल्या बाँबनं मेली. १७ जुलै १९४४ ला कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो धक्क्यावर दारूगोळा जहाजात भरताना स्फोट झाला, ३२० माणसं गेली. त्यांतले निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय खलाशी, कारण ते धोक्याचं काम त्यांच्याच माथी मारलेलं होतं. पुन्हा तेच काम करायला नकार दिला म्हणून ५० जणांवर बंडाचा खटला चालला. नौदलानं त्यांना दोषमुक्त केलं ते २०२४ मध्ये. या माणसांना मी पिछाडी कशी म्हणू?

रेशनबद्दल मात्र एक खुलासा लेखात करावा लागेल. आपल्याकडे ‘रेशनचा तांदूळ’ म्हणजे स्वस्त आणि खडे निवडून घ्यायचा. तिथं तसं नव्हतं. माल तोच, भावही ठरलेला, पण पैशांबरोबर ‘पॉइंट’ मोजायचे. पुस्तक घरटी नव्हे, माणशी, तान्ह्या बाळाचंही. मांस, लोणी, चरबी यांना लाल पॉइंट, डबाबंद फळं नि भाज्यांना निळे. सुट्टे पॉइंट परत द्यायला १९४४ पासून त्या चकत्या आल्या. धातू वाचवायचा म्हणून त्या दाबलेल्या तंतूंच्या, वजनाला कागदासारख्या. १९४३ चं एक सेंटचं नाणंसुद्धा तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं होतं. बेकन तळून उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे नेली की पैसे आणि वर लाल पॉइंट मिळायचे, कारण चरबीपासून ग्लिसरीन आणि ग्लिसरीनपासून स्फोटकं. आजी सांगतात, तो डबा चुलीच्या बाजूला असायचा आणि आई त्याला ‘हिटलरचा डबा’ म्हणायची. पंधरा वर्षांखालच्यांना कॉफीचं कुपन नसे, म्हणून कॉफी प्यायला मिळणं म्हणजे मोठं होणं असं त्यांना वाटायचं.

पत्रांचं नाव ‘व्ही-मेल’. हे मी तसंच ठेवणार. ठरावीक कागदावर लिहायचं, सेन्सॉर वाचणार, मग त्याची सूक्ष्म फिल्म विमानानं जाणार आणि पलीकडे पुन्हा छापली जाणार. २,५७५ पौंड पत्रांचं वजन फिल्मवर ४५ पौंड व्हायचं. आजींच्या भावाच्या शेवटच्या पत्रावर पत्ता नाही, नुसतं ‘इटलीत कुठंतरी’. ‘ओव्हरसीज’ला मी सातासमुद्रापार लिहिणार होते, पण त्यात गोष्टीतला राजपुत्र डोकावतो. ‘समुद्रापार’ पुरे.

टपालावरून आणखी एक सांगते, मग थांबते. युरोपातल्या सैनिकांची पत्रं गोदामांत महिनोन् महिने पडून होती. ती मार्गी लावायला १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला कृष्णवर्णीय स्त्रियांची पलटण गेली, ६८८८वी, मेजर चॅरिटी अ‍ॅडम्सच्या हाताखाली. सहा महिन्यांचं काम त्यांनी तीन महिन्यांत उरकलं. म्हणूनच पिछाडी शब्द मला चालत नाही, नाशिकचे काका. तुमचा अर्थ मला कळतो, पण आज वाचणाऱ्या पोरीला ‘मागे पडलेल्या’ एवढंच कळेल.

प्रतिसाद (पुणे)

ताई, तुमच्या छावण्यांच्या शब्दावर अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते. ‘स्थानबद्ध’ लिहू नका.

आणीबाणीत माझे वडील स्थानबद्ध होते. ते अन्यायाचंच होतं, पण घरी आलेल्या कागदावर त्यांचं नाव होतं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, तेही एक माणूस म्हणून. स्थानबद्ध या शब्दात कुठंतरी एक हुकूम आणि एक नाव गृहीत असतं. तुम्ही म्हणता त्या लोकांच्या बाबतीत नाव कुठं होतं?

मूळ लेखिका

नव्हतंच. तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ ला काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशात ‘जपानी’ हा शब्दसुद्धा नाही. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर विजेच्या खांबांवर जाहीर सूचना लागल्या, त्यांत मजकूर होता : जपानी वंशाच्या सर्व व्यक्ती, ‘एलियन आणि नॉन-एलियन’ दोन्ही. मराठीत करून पाहा. परकीय आणि अ-परकीय. अ-परकीय म्हणजे कोण? नागरिक. पण नागरिक लिहिलं असतं तर वाचणाऱ्यानं विचारलं असतं की मग त्याला का नेता. माझ्या भाषांतरात मी ‘अ-परकीय’ हाच ओबडधोबड शब्द ठेवणार आहे, वाचकाला तो खटकला पाहिजे.

सुमारे १,२०,००० माणसं नेली, त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेत जन्मलेले नागरिक. हातात मावेल तेवढंच सामान, कोटाला कुटुंबाचा क्रमांक. आधी ‘असेंब्ली सेंटर’, म्हणजे काही ठिकाणी चक्क घोड्यांच्या शर्यतीचं मैदान. सांता अनिताला कित्येक कुटुंबं घोड्यांच्या ठाणांत राहिली. मग मॅनझनार, टूली लेक, हार्ट माउंटन अशा १० जागी काटेरी तारेआड. सरकारी नाव ‘रीलोकेशन सेंटर’, ज्याचं सरळ भाषांतर पुनर्वसन केंद्र. आपल्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा पुनर्वसन या शब्दाचा अर्थ काय. ‘इंटर्नमेंट’ही कायद्यानं शत्रुराष्ट्राच्या नागरिकांसाठीच, स्वतःच्या नागरिकांना तो लागूच होत नाही, म्हणून इथले अभ्यासक आता तो टाळतात. उलट ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ हा शब्द खुद्द रूझवेल्ट यांनी वापरला होता. पण त्याला मराठीत छळछावणी म्हणतात आणि तिच्यामागे नाझींचं आउशविट्झ उभं राहतं. ते दोन्ही एक नव्हेत.

प्रतिसाद (पुणे)

मग ‘बंदिछावणी’. युद्धबंदी नाही, गुन्हेगार नाही, फक्त बंदी. आणि क्रियापद ‘ठेवलं’ नको, ‘डांबलं’ लिहा.

मूळ लेखिका

बंदिछावणी. घेतला. ‘डांबलं’ही घेतलं.

आणि यानंच माझ्या शीर्षकाचा प्रश्न नव्यानं उभा केला. त्या बंदिछावण्यांतली तरुण मुलं सैन्यात गेली. ४४२वी रेजिमेंट इटलीत आणि फ्रान्समध्ये लढली, ऑक्टोबर १९४४ मध्ये वोज पर्वतात वेढ्यात अडकलेल्या टेक्ससच्या पलटणीला त्यांनी सोडवलं. त्यांच्या आयांनीही खिडकीत निळे तारे लावले. खिडकी होती बराकीची, आणि बाहेर पहाऱ्याचा मनोरा. १९८८ च्या कायद्यानं सरकारनं माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. पण त्या बाईच्या बाबतीत ‘घरची आघाडी’ लिहिताना यातलं घर कुठलं, हे मला सांगता येत नाही.

कृष्णवर्णीयांनी हा पेच शब्दातच पकडला होता. कॅन्सस राज्यातल्या विचिटाच्या जेम्स थॉम्प्सन या कँटीनमधल्या कामगाराचं पत्र जानेवारी १९४२ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या वर्तमानपत्रात आलं. अर्धा अमेरिकन म्हणून जगण्यासाठी मी जीव द्यावा का, असं त्यानं विचारलं होतं. त्यातून ‘डबल व्ही’ चळवळ निघाली, दोन विजय, एक बाहेरच्या शत्रूवर आणि एक घरच्या. म्हणजे त्यांच्या लेखी घरी खरोखरच आघाडी होती, समोर शत्रू असलेली. ‘दुहेरी विजय’ करते आहे. आणि शीर्षक ‘घरची आघाडी’च ठेवते. ‘देशातली’ म्हटलं असतं तर घर कुणाचं, हा प्रश्न वाचकाला पडलाच नसता.

वीरमातेचं सांगायचं राहिलं. आजींना मी विचारलं, तुमची आई स्वतःला गोल्ड स्टार मदर म्हणायची का? म्हणाल्या, लोक म्हणायचे, ती कधीच नाही. वीरमाता म्हणताच मुलाचं मरण पराक्रम होऊन जातं, तिथं फक्त ताऱ्याचा रंग सांगितलाय. ‘सोनेरी ताऱ्याची आई’ लिहिलंय.

शेवटचं, युद्धकाळात लोकांनी भाजी पिकवायला केलेल्या बागांना, ‘व्हिक्टरी गार्डन’ला, काय म्हणू? १९४४ मध्ये अशा सुमारे २ कोटी बागा होत्या.

प्रतिसाद (नाशिक रोड)

परसबाग, ताई. आणि पिछाडी मी मागे घेतली.

मूळ लेखिका

काका, पण त्या परसात मावल्या नाहीत. रिकामे भूखंड, शाळांची मैदानं, सार्वजनिक उद्यानं, सगळीकडे होत्या. बॉस्टनच्या फेनवेमधली तर अजून आहे.

प्रतिसाद (नाशिक रोड)

मग ‘युद्धकाळातला भाजीमळा’ करा. मळा गावाबाहेरही असतो.