सेक्रेटेरिएट ‘वळू म्हणून फुकट गेला’? जरा थांबा

संकेश्वरी सईस
सेक्रेटेरिएट म्हणजे अमेरिकेचा शर्यतीचा घोडा. काल त्याच्यावर बेळगावी बिनधास्त यांनी इथे टाकलं: “सेक्रेटेरिएट पळायला राजा, पण वळू म्हणून फुकट गेला. 60 लाख डॉलर पाण्यात.” त्याला चाळीस जणांनी माना डोलावल्या. मला काही ते पचलं नाही, म्हणून लिहितोय.

पुण्याकडच्या एका स्टडवर, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर, 11 वर्षं सईस होतो. घोडीच्या शेपटीला पट्टी गुंडाळणं, तिच्या मागच्या पायांत नमद्याचे बूट चढवणं, हीच माझी नोकरी. त्यामुळे वळवाबद्दल कुणी काहीही फेकलं की डोकं उठतं.

हा घोडा फेब्रुवारी 1973 मध्ये, म्हणजे केंटकी डर्बीच्या शर्यतीआधीच, 32 हिश्श्यांत विकला गेला. हिस्सा 1,90,000 डॉलरला. मालकीणबाई पेनी चेनरी यांचे वडील जानेवारीत वारले होते, वारसा कर अंगावर आला होता. बेलमाँटची शर्यत त्याने 31 लेंग्थने, म्हणजे 31 घोड्यांच्या लांबीने, मारली ती जूनमध्ये. म्हणजे पैसे घालणाऱ्यांनी ती बघितलेलीसुद्धा नव्हती! पोटी काय निपजलं ते बघा. लेडीज सीक्रेट ही घोडी 1986 ची हॉर्स ऑफ द इयर. रायझन स्टार, 1988 ची प्रीकनेस आणि बेलमाँट दोन्ही शर्यती. किंग्स्टन रूल, 1990 चा मेलबर्न कप, 3 मिनिटं 16.3 सेकंद, तो विक्रम आजही उभा आहे. बाप तर आदल्या वर्षी 4 ऑक्टोबरला खुरांच्या आजाराने गेलेला. याला फुकट म्हणायचं?

बेळगावी बिनधास्त
काका, साडेसहाशेच्या आसपास शिंगरं झाली त्याची, तुम्ही नावं सांगितली तीन. एवढ्या घोड्या दिल्या तर आमच्या टांग्याच्या घोड्याचंही एखादं पोरगं पळेल. शिवाय सुरुवातीच्या तपासणीत वीर्य कच्चं निघालं होतं, ते का गाळलंत?

आता नॉर्दर्न डान्सर बघा. बुटकं शिंगरू, 25,000 डॉलरला कुणी हात लावला नाही. त्याने निजिन्स्की, सॅडलर्स वेल्स, डँझिग दिले. त्याचाच मुलगा रझीन 1990 च्या एप्सम डर्बीत फेव्हरिट असून आपटला, तरी आपल्याकडे उषा स्टडवर येऊन त्याने नाव काढलं. वळू म्हणतात तो हा. सेक्रेटेरिएटचं काळीज म्हणे 10 किलोचं होतं, ते तरी एखाद्या पोराला दिलं का?

येळ्ळूरचा पैलवान
वस्तादाचं पोरगं वस्ताद होतंय असं कुठं लिहिलंय? आमच्या तालमीत एका नामांकित मल्लाचा पोरगा होता. लंगोट बांधायलाच अर्धा तास घ्यायचा.

संकेश्वरी सईस
गाळलं नाही, लांबेल म्हणून सोडलं. चाचणीपुरत्या घोड्या दाखवल्या, त्यातल्या ठिपक्यांच्या ॲपलूसा घोडीला त्याचं पहिलं शिंगरू झालं. पुढे सगळं सुरळीत. आणि ते काळीज कुणी तोललंच नाही! शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी नुसता अंदाज बांधला, 22 पौंड. तोललं ते शॅमचं, डर्बीत आणि प्रीकनेसमध्ये त्याच्या मागं दुसरा आलेल्या घोड्याचं. ते 18 पौंड भरलं. अर्धवट वाचून लिहू नका.

खानापूरची मास्तरीण
दोघांचंही वाचलं. तुम्ही मुलगे मोजताय, तेही मुलगे मोजताहेत. (लेडीज सीक्रेटचं नाव चुकून आलं असावं.) त्याच्या मुलींचं काय? टर्लिंग्वाच्या पोटी स्टॉर्म कॅट, वीकेंड सरप्राइजच्या पोटी एपी इंडी, सीक्रेटेमच्या पोटी गॉन वेस्ट. एपी इंडी 1992 चा हॉर्स ऑफ द इयर. स्टॉर्म कॅटला घोडी दाखवण्याची फी पुढे 5 लाख डॉलरवर गेली. आईचा बाप म्हणून 1992 ला सेक्रेटेरिएट अमेरिकेत पहिला होता. पण आपल्याकडे मुलीचं पोर म्हणजे परक्याचं, मग वंश बुडालाच म्हणायचा. मला दोन मुली आहेत. बारशाला “पुढच्या खेपेला बघू” म्हणणारे पाहुणे मी दोनदा ऐकलेत, तीच भाषा इथे घोड्याला लावलेली दिसते.

बेळगावी बिनधास्त
टीचर, घोड्याचा विषय आहे. बारसं कुठून आलं?

खिलारवाला चिकोडी
विषय निघालाच हाय तर इचारतो. सईसदादा, थरोब्रेडला, म्हंजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याला, कांडी (गोठवलेल्या रेताची नळी) चालत न्हाई म्हणं, घोडा-घोडी समोरासमोरच आणाय लागत्यात. खरं हाय का?

संकेश्वरी सईस
खरं आहे. कांडीचं शिंगरू थरोब्रेड म्हणून नोंदवतच नाहीत. आधी टीझर आणायचा, देशी तट्टू असतं. फळीच्या अलीकडून त्याने हुंकार द्यायचे, घोडी माजावर आहे का ते बघायचं आणि ऐन वेळी त्यालाच लगाम धरून बाहेर काढायचं. आमच्याकडचा टीझर परत जाताना प्रत्येक वेळी एकदा थांबून मागं वळून बघायचा. मला लाज वाटायची.

खिलारवाला चिकोडी
बघा! श्रीमंताच्या घोड्याला खरा वळू आणि आमच्या गाईला नळी. आमच्या गावात सोडलेला वळू असायचा, खिलार, पांढराफेक, शिंगं आभाळाला. आता हाय कुठं? पाच वर्षांमागं माझी खिलार गाय रात्री माजावर आली. डॉक्टर बोलावला. टाकीचं झाकण काढलं, पांढरा धूर आला, त्यातनं कांडी काढली. मी दोनदा इचारलं, खिलारचीच न्हवं? व्हय म्हणाला. नऊ महिन्यांनी काळी-पांढरी कालवड! चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रंत लोक इचारायचे, आण्णा, ह्या खेपंला खोंड न्हाई? काय सांगायचं?

खानापूरची मास्तरीण
खोंड हवा तो बैलांच्या शर्यतीसाठीच ना? माझ्या सासऱ्यांच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर पराणीची (टोचायच्या अणकुचीदार काठीची) भोकं मी स्वतः बघितलीत. त्यात हळद भरायचं काम घरातल्या बायकांचं.

खिलारवाला चिकोडी
बाई, 2014 ला शर्यतीवर बंदी आली तवा बाजारात खिलारला कुत्रं इचारत न्हवतं. 2017 ला कर्नाटकनं कायदा बदलला, 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टानं हो म्हटलं, म्हणून चार दावणी राहिल्यात. शर्यत न्हाई तर खिलार पाळणार कोण, तुमची शाळा?

खानापूरची मास्तरीण
कोर्टाने शर्यतीला हो म्हटलं, पराणीला नाही. नियम वाचा. आणि शाळेवर येऊ नका.

येळ्ळूरचा पैलवान
आता रंगली कुस्ती.

बेळगावी बिनधास्त
एका घोड्याबद्दल दोन ओळी लिहिल्या तर सासरा, बारसं, चिंचली, सगळं निघालं. बरं, “फुकट गेला” मागे घेतो. “मुलग्यांत कमी पडला, मुलींनी तारला” असं वाचा. टीचर खूश?

खानापूरची मास्तरीण
“तारला” नव्हे. “वाढवला”.

संकेश्वरी सईस
मुलग्यांत कमी पडला म्हणजे काय? त्याचा मुलगा जनरल असेंब्ली, त्याने 1979 ची ट्रॅव्हर्स शर्यत दोन मिनिटांत मारली. तो विक्रम 2016 पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

बेळगावी बिनधास्त
पळाला हो, काका. वळू म्हणून काय दिवे लावले त्याने, ते सांगा.

चिकोडी गल्लीतला
खिलारवाले आण्णा, तीच काळी-पांढरी आता दोन्ही येळचं मिळून बारा लिटर देतीया. डेअरीच्या रांगंत पयला कॅन तुमचाच असतोय. ते पण लिवा की.

खिलारवाला चिकोडी
देतीय. न्हाई कोण म्हणतंय? पण गाड्याला काय तिला जुंपू?