मदत हवी आहे: एका पोलिश आडनावाचा उच्चार आणि मूळ

नमस्कार मंडळी,

पोलिश येणारं किंवा पोलंडमध्ये राहिलेलं कुणी इथे असेल तर थोडी मदत हवी आहे.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलेली जवळपास पाच हजार माणसं, त्यातही बायका आणि मुलंच जास्त, इराणमार्गे इथवर आली होती. माझे आजोबा तिथे भाजी पुरवायचे. छावणीतल्या शाळेचा एक फोटो त्यांच्याकडून आमच्याकडे आला. तो आता गावच्या वाचनालयात लावायचा आहे आणि त्याखाली नावं देवनागरीत लिहायची आहेत.

फोटोमागे एका मुलाचं आडनाव रोमन अक्षरांत आहे: डब्ल्यू, ओ, जे, सी, आय, के. आमच्याकडे सगळे 'वोजसिक' म्हणतात. पण पोलिशमध्ये डब्ल्यूचा 'व' होतो, जेचा 'य' आणि सीपुढे आय आला की मऊ 'चि'. शिवाय मूळ आडनावात ओच्या डोक्यावर तिरकी रेघ असते. टाइपरायटरवर ती गळते, पण तिच्यामुळे 'ओ'चा 'उ' होतो. म्हणजे 'वुयचिक', आणि उच्चारात जोर पहिल्या 'वुय'वर. 'वुयचिक' लिहू की 'वुइचिक'? मराठी वाचणाऱ्याच्या तोंडून कोणत्या लेखनाने बरोबर उच्चार येईल?

दुसरा प्रश्न त्याच्या शेजारच्या मुलीचा. तिच्या आडनावात याच अक्षरांपुढे 'ओ, डब्ल्यू, एन, ए' आहे, म्हणजे उच्चार 'वुयचिकुव्ना'. जुन्या पद्धतीत लग्न न झालेल्या मुलीच्या आडनावाला 'उव्ना' लागायचं आणि बायकोच्या आडनावाला 'ओवा'. मग ही दोघं भावंडं असू शकतात. पण हे आडनाव पोलंडमध्ये फारच सर्रास आढळतं, त्यामुळे नुसत्या नावावरून नातं लिहून टाकायला मन धजत नाही. खाली तिचं नाव 'वुयचिकुव्ना' असंच ठेवावं की आजच्या रीतीप्रमाणे दोघांनाही 'वुयचिक' लिहावं? मला स्वतःला फोटोमागे आहे तसंच ठेवावंसं वाटतं. त्या मुलीला शाळेत त्याच नावाने हाक मारत असणार.

अर्थाबद्दल दोन व्युत्पत्त्या सापडल्या. एक 'वुइत' या पदावरून: मध्ययुगात जर्मन कायद्याने वसवलेल्या गावांचा आणि नगरांचा प्रमुख. शब्द जर्मन 'फोग्ट'वरून आला आणि त्याच्याही मागे लॅटिन 'अॅडव्होकातुस' आहे. आजही पोलंडमध्ये ग्रामीण 'ग्मिना'च्या (स्थानिक कारभाराच्या सर्वांत लहान विभागाच्या) निवडून आलेल्या प्रमुखाला 'वुइत'च म्हणतात. पुढचं 'इक' लहानपण दाखवतं आणि त्याच्यामुळे 'त'चा मऊ 'च' होतो, म्हणजे वुइताचा मुलगा. आपल्याकडे पाटीलकी, कुलकर्णीपण आडनावात उतरलं तसंच हे. दुसरी व्युत्पत्ती 'वोयचेख' या पुरुषी नावाच्या लाडक्या रूपावरून. त्या नावात 'योद्धा' आणि 'आनंद' असे दोन जुने स्लाव्ह शब्द आहेत. पोलंडच्या संत वोयचेखमुळे ते घरोघर पोचलं.

कुणा एका घराण्याचं आडनाव यांपैकी कशावरून आलं, हे चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदींवरून ठरवता येतं का? अशा नोंदी कुणी शोधल्या असतील तर सुरुवात कुठून करायची तेही सांगा. आणि कुणाच्या ओळखीत पोलिश माणूस असेल तर दोन्ही आडनावांचा उच्चार रेकॉर्ड करून पाठवलात तर फार उपकार होतील. वाचनालयात येणाऱ्या मुलांना तो ऐकवता येईल.