जावाच्या नोकरीला लिनक्स कशाला विचारतात?

मिरजकर
कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या कंपन्यांच्या जाहिराती बघतोय. काम जावाचं, पण खाली हमखास एक ओळ असते: 'लिनक्स/युनिक्सचं ज्ञान आवश्यक'. आम्ही लॅबमध्ये एलएस, सीडी, सीएचमॉड अशा कमांड चालवल्या, तोंडी परीक्षेपुरतं पाठ केलं, संपलं. जावा तर सगळीकडे सारखंच चालतं ना? मग ही अट खरंच लागते की उगाच घालतात?

रात्रपाळी
खरंच लागते. मी सर्व्हर सांभाळते आणि नवीन मुलांच्या मुलाखतीही घेते, म्हणून सविस्तर लिहिते.

तू लिहितोस विंडोजवर, पण तुझा प्रोग्रॅम चालतो तो बहुतेक वेळा लिनक्सच्या मशीनवर. तिथे ना स्क्रीन, ना माउस. एसएसएचने (दुरून मशीनला जोडून घेणाऱ्या प्रोग्रॅमने) आत शिरायचं आणि टाइप करत शोधायचं. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन, तर लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, दोन सोयींवरच उभा आहे: प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवणारी नेमस्पेस आणि मेमरी वगैरेची मर्यादा घालणारी सीग्रुप.

समजा तुझी जावा सर्व्हिस मध्येच बंद पडली. लॉगमध्ये एकही एक्सेप्शन नाही, फक्त कंटेनरचा एक्झिट कोड १३७. ज्याला युनिक्स माहीत नाही तो दिवसभर कोड वाचत बसतो. माहीत असलेला म्हणतो, १३७ म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे सिगकिल, प्रोग्रॅम तिथल्या तिथे मारायचा सिग्नल. प्रोग्रॅमला बाहेरून मारलंय. बहुधा मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून कर्नलनेच. मग डीमेसेग (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघायचं, हीपचा, म्हणजे जावा वापरत असलेल्या मेमरीचा आकार तपासायचा.

मुलाखतीत मी हमखास विचारते तो प्रश्न असा: डिस्क भरली, तू मोठी लॉग फाइल आरएमने (फाइल काढायच्या कमांडने) उडवलीस, तरी डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० टक्केच दाखवतंय. का? कारण आरएम फक्त नाव काढतं. चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडी धरून ठेवली असेल, तर जागा सुटत नाही. फाइलींचा आकार मोजणाऱ्या डीयूला ती दिसत नाही, उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या एलएसओएफला दिसते. 'सर्व्हर रीस्टार्ट करतो' हे उत्तर मला बरेचदा मिळतं. जागा सुटते, पण तेवढा वेळ ग्राहकांचं काम ठप्प, आणि कारण कळलेलंच नाही. कमांड आठवली नाही तरी चालेल, मशीनच्या आत काय चाललंय याचा अंदाज बांधता यायला हवा.

शिवाय हे शिकलेलं वाया जात नाही. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्स सुरू केलं, त्याच्याच धर्तीवर पुढे लिनक्स आलं. १९७३मध्ये त्यात आलेला पाइप, म्हणजे एका कमांडचं उत्तर थेट दुसरीला देणं, आम्ही आजही रोज वापरतो.

डॉटनेटवाला
सगळीकडेच लागतं असं नाही. आमचं डॉटनेटचं (मायक्रोसॉफ्टच्या प्लॅटफॉर्मचं) काम विंडोज सर्व्हरवर चालतं, मला कुणी विचारलं नव्हतं. पण २०१६मध्ये डॉटनेट कोअर आल्यापासून तेही लिनक्सवर चालतं, आणि आता आमची एक टीम तिकडेच चालली आहे.

मिरजकर
ताई, खूप आभार. लॅपटॉप घरात सगळेच वापरतात, विंडोज काढता येणार नाही. कसं करू?

रात्रपाळी
काढूच नकोस. विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालू करून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाक. मग सतत लॉग लिहीत राहणारा छोटा जावा प्रोग्रॅम लिही, चालू ठेव आणि दुसऱ्या टर्मिनलमधून ती लॉग फाइल उडव. एलएसओएफ नसेल तर आधी इन्स्टॉल कर. त्यात फाइलच्या नावापुढे कंसात 'डिलीटेड' दिसेल. ते दिसलं की प्रोग्रॅम बंद न करता जागा कशी मोकळी करायची ते शोध. स्लॅश प्रॉकमध्ये (चालू प्रोग्रॅमची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमध्ये) त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरपासून सुरुवात कर, तिथे तिच्या उघड्या फाइली दिसतात. अडलास तर इथेच विचार.